बुडवायचा हक्क कोणाचा?

तुकोबांनी कर्जखते इंद्रायणीत बुडवली आणि एकनाथांनी एका पैच्या चुकीपायी रात्र जागून काढली. या दोन गोष्टी कीर्तनात ऐकत ऐकतच आमच्याकडे माणूस लहानाचा मोठा होतो. दोन्ही गोष्टी हिशेबाच्या वहीच्या आहेत आणि वरवर पाहता एकमेकींच्या विरुद्ध आहेत. एका संताने पै न् पै जुळवली, दुसऱ्याने कागदच पाण्यात सोडले, आणि आपण दोघांपुढे सारख्याच भावाने हात जोडतो. गेवराई तालुक्यात गटसचिव म्हणून सोसायट्यांच्या वह्या लिहिण्यात माझी सगळी नोकरी सरली. त्यामुळे हा प्रश्न मंडपातून उठताना तिथेच ठेवून यावा, असे मला कधी जमले नाही. हिशेब जपणे हा धर्म, की हिशेब सोडून देणे हा धर्म?

निवृत्तीनंतर हा प्रश्न नव्याने मागे लागला तो घरातल्या मागच्या खोलीत ठेवलेल्या एका जुन्या कॉम्प्युटरमुळे. त्यावर बिटकॉइनचा नोड, म्हणजे त्या डिजिटल नाण्याच्या व्यवहारांची वही राखणारा आणि तपासणारा प्रोग्राम, चालतो. मी बिटकॉइन घेत नाही, विकत नाही, कोणाला घ्या म्हणून सांगतही नाही. मला ओढ आहे ती त्या वहीची. बिटकॉइनच्या सगळ्या व्यवहारांची ३ जानेवारी २००९ पासूनची एकच सलग वही आहे, आणि ती कुठल्याही एका कचेरीच्या कपाटात नाही. ज्याला हवी त्याने तिची पूर्ण प्रत आपल्या घरी ठेवावी. आज ती ६०० जीबीच्या पुढे गेली आहे. सरासरी दहा मिनिटांनी तिला एक नवे पान जोडले जाते, त्याला ब्लॉक म्हणतात. नोड ते पान आले तसे चिकटवून घेत नाही. प्रत्येक खर्चामागे आधीची जमा आहे का, तीच रक्कम दोनदा खर्ची पडली का, सही जुळते का, नवी नाणी ठरल्यापेक्षा जास्त पाडली का, हे सगळे तो स्वतः तपासतो. नियमात बसले नाही तर पान नाकारतो, मग ते कोणीही पाठवलेले असो.

माझी पुतणी संभाजीनगरला इंजिनिअरिंग शिकते. दिवाळीच्या सुट्टीत तिने आणि मी मिळून हा नोड बसवला. सुरुवातीला तो एका खिडकीत कमांड देऊन चालायचा आणि खिडकी बंद केली की थांबायचा. ती म्हणाली, "नाना, याला सर्व्हिस करून टाकू. मग तुम्ही समोर असा नसा, तो मागे चालत राहील." लिनक्समध्ये सिस्टमडी नावाचा कारभारी असतो. मशीन सुरू झाली की कोणते काम कधी उठवायचे आणि कसे थांबवायचे हे तो बघतो. त्याच्यासाठी एक छोटी फाइल लिहावी लागते. ती लिहिताना मी शेजारी खुर्ची घेऊन बसलो आणि प्रत्येक ओळीचा अर्थ विचारला.

पहिल्या भागात सांगितलेले असते की नेटवर्क आल्यावरच सुरू व्हायचे. दुसरा भाग मोठा. नोड चालवणारा वापरकर्ता वेगळा नेमायचा, ज्याला लॉगिन करता येत नाही. घरच्यांच्या फोल्डरांकडे बघायची त्याला मनाई, मशीनच्या मुख्य फाइलींत लिहायची मनाई, आहेत त्याहून जास्त अधिकार मिळवायची मनाई. काही कारणाने तो बंद पडला तर कारभाऱ्याने त्याला पुन्हा उठवायचे. आणि थांबवायचा झाला तर लगेच मान धरायची नाही, दहा मिनिटांची मुदत द्यायची, कारण मेमरीतल्या नोंदी डिस्कवर उतरवून मगच त्याला निघायचे असते. या शेवटच्या ओळीवर मी पुतणीला थांबवले आणि ती पुन्हा वाचून घेतली. गेवराईत वीज न सांगता जाते. मधेच पुरवठा तुटला तर नोडची अनुक्रमणिका बिघडू शकते आणि सगळी वही पुन्हा पहिल्यापासून तपासत बसायची वेळ येते. म्हणून इन्व्हर्टरची एक वायर त्या खोलीत ओढली. तिसऱ्या भागात एवढेच, की मशीन चालू झाली की हे काम आपोआप सुरू व्हावे, कोणी लॉगिन करो वा न करो.

हे सगळे झाल्यावर पडद्यावर काही दिसत नाही. लॉग उघडला तर थोड्या थोड्या वेळाने एक ओळ उमटलेली असते: नवे पान आले, उंची इतकी, तपासले, घेतले. सप्ताहात वीणा सात दिवस जमिनीला टेकू द्यायची नसते. पहाटे तीनच्या पहाऱ्याला मंडपात ऐकणारे कोणी नसले तरी विणेकरी उभा असतो आणि आपली वेळ संपली की पुढच्याच्या गळ्यात वीणा घालतो. ज्याने असा पहारा दिला आहे त्याला बॅकग्राउंड सर्व्हिस म्हणजे काय हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

या कामाचे पैसे मिळत नाहीत. ब्लॉक बांधणाऱ्या मायनरला मिळतात: एप्रिल २०२४ पासून दर ब्लॉकमागे ३.१२५ बिटकॉइन आणि वर व्यवहारांची फी. तपासणाऱ्या नोडला काहीच नाही. मुंडकोपनिषदात एकाच झाडावरचे दोन पक्षी आहेत, एक फळ खातो आणि दुसरा न खाता नुसता पाहतो. मायनर आणि नोड यांची जोडी पाहिली की मला ते झाड आठवते. पण एक फरक मोठा आहे आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. उपनिषदातला साक्षी कशात हस्तक्षेप करत नाही. नोड मात्र नाकारतो. आपल्या व्यवहारातल्या साक्षीदाराचे खरे मोल तेवढेच असते. खोट्या कागदावर सही करायला नाही म्हणता येत असेल तरच त्याच्या सहीला किंमत.

आता नाथांकडे येतो. पैठण आमच्या वरच्या अंगाला, त्याच गोदावरीच्या काठावर. नाथ देवगिरीला जनार्दनस्वामींकडे हिशेब पाहत होते तेव्हाची ही कथा. ताळा जुळेना, एका पैचा फरक राहिला. रात्रभर दिव्याखाली बसून त्यांनी ती पै शोधली आणि सापडल्यावर आनंदाने टाळी वाजवली. स्वामी म्हणाले, एवढे चित्त देवाकडे लावशील तर काय होईल! कीर्तनकार बहुतेक इथून पुढे जातात, जणू पै शोधणे ही पायरी होती आणि ती मागे सोडायची होती. मला तसे वाटत नाही. स्वामींनी नाथांना वही टाकून दे असे सांगितले नाही. त्यांना त्या वहीतच नाथांचे चित्त दिसले. जो एका पैला खोटे राहू देत नाही तो पुढे माणसालाही खोट्यात राहू देणार नाही, अशी माझी श्रद्धा आहे.

नोड बसवताना अशी एक पै आमच्यासमोर आली. नव्या नोडला सॉफ्टवेअरमध्ये एक सवलत असते. एका ठराविक जुन्या ब्लॉकची खूण आत लिहिलेली असते आणि त्याच्या आधीच्या पानांवरच्या सह्या तपासायच्या राहिल्या तरी चालते. रकमा तपासल्या जातात, सह्या सोडून दिल्या जातात, कारण त्या आजवर असंख्य लोकांनी तपासलेल्या आहेत. वेळ वाचतो. मी ती सवलत बंद करायला लावली. पुतणी म्हणाली, "नाना, मशीन जुनी आहे, लई वेळ लागेल." मी म्हणालो, लागू दे. दुसऱ्याने तपासले आहे या भरवशावर शिक्का मारलेली किती कागदपत्रे मी नोकरीत पाहिली!

तरी पडताळणीच्या तळाशी शेवटी श्रद्धाच उरते, हे मी मान्य करतो. सॉफ्टवेअरच्या ओळी मला वाचता येत नाहीत. ते अनेकांनी स्वतंत्रपणे बांधून पाहिले आहे आणि सगळ्यांचे उत्तर एकच आल्याच्या सह्या केल्या आहेत, एवढे मी तपासू शकतो. त्या माणसांवर मी विश्वास ठेवतो. आणि माणसे चुकतात. १५ ऑगस्ट २०१० रोजी ७४,६३८ व्या ब्लॉकमध्ये एका व्यवहाराने १८४ अब्जांहून जास्त बिटकॉइन हवेतून तयार केले होते, जिथे एकूण मर्यादाच २ कोटी १० लाखांची आहे. बेरीज करताना आकडा भांड्याबाहेर गेला आणि तपासणाऱ्या सगळ्या प्रतींनी ते पान बरोबर म्हणून घेतले, कारण सगळ्यांच्या तपासणीत तीच त्रुटी होती. काही तासांत दुरुस्त सॉफ्टवेअर आले, लोकांनी ते आपापल्या मशीनवर घातले आणि ते पान वगळून वही पुढे गेली. हजार साक्षीदार एकाच गुरूकडे शिकलेले असतील तर हजारही चुकू शकतात. सावरले ते एवढ्यावर, की प्रत्येक साक्षीदाराला आपले मत बदलायची मोकळीक होती आणि ती ज्याची त्याच्याच हातात होती.

प्रती अनेक असण्याचे मोल आमच्या भागाला जुन्या काळापासून माहीत आहे. आमच्या तालुक्यात पांचाळेश्वर हे महानुभावांचे मोठे तीर्थ आहे. त्यांचे लीळाचरित्र म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींना पाहिलेल्या माणसांकडे जाऊन, विचारून, ताडून लिहिले. पुढे खलजींच्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत ती मूळ पोथी गेली. ती ज्यांच्या ज्यांच्या स्मरणात होती त्यांनी पुन्हा उभी केली, म्हणून आज तिचे वेगवेगळे पाठ आहेत. एकाच कपाटात असती तर एका रात्रीत संपली असती.

आणि एकाच कपाटातल्या वह्यांचे काय होते ते बीड जिल्ह्याने अलीकडेच भोगले आहे. पतसंस्था बुडाल्या, मल्टिस्टेट सोसायट्या बुडाल्या. कापसाचे पैसे, निवृत्तीचे पैसे, ऊसतोडीला जाऊन कोयत्यावर मिळवलेले पैसे त्यात होते. वह्या होत्या, लेखापरीक्षण होते, शिक्के होते, वार्षिक सभेत अहवालाचे वाचन होते. पण वही ज्यांच्या हातात होती तेच ती लिहीत होते, तेच तपासून घेत होते आणि तेच वाचून दाखवत होते. ठेवीदाराकडे होती फक्त पावती. चित्रगुप्ताची वही एकाच हाती असते आणि आपण तिच्यावर भरवसा ठेवतो, कारण ती देवाघरची आहे. माणसांच्या वहीला तेवढा मान देणे मला अधर्म वाटते.

इथवर नाथांची बाजू झाली. पण मग तुकोबा? जी वही कोणालाच खोडता येत नाही ती दया कशी करणार? दुष्काळात कंबरडे मोडलेल्या माणसाच्या नावावरची रक्कम ती जन्मभर दाखवत राहणार का? पुतणीने हा प्रश्न मला सरळ विचारला होता. अशी वही सावकाराला फार आवडेल, असे तिचे म्हणणे.

मी त्या कथेकडे पुन्हा नीट पाहिले. तुकोबांनी सगळी खते बुडवली नव्हती. परंपरा सांगते की आधी वाटण्या झाल्या. निम्मी खते धाकट्या भावाच्या, कान्होबांच्या, हाती दिली आणि स्वतःच्या वाट्याची तेवढी इंद्रायणीत सोडली. कीर्तनात हा तपशील एका वाक्यात उरकतात, पण मला वाटते सगळी गोष्ट त्याच्यावरच उभी आहे. भावाचे येणे माफ करायचा अधिकार आपल्याला नाही, हे तुकोबांना ठाऊक होते. कोणाचे किती हे आधी चोख ठरले म्हणून त्यांना आपला वाटा निःशंक मनाने सोडता आला. त्या दिवशी घाटावर उतरण्याआधी त्या घरात कोणीतरी नाथांसारखे बसून हिशेब केला असला पाहिजे.

पुढे त्याच इंद्रायणीत त्यांची गाथाही गेली. ती त्यांनी आपल्या मनाने सोडली नव्हती, त्यांना सोडायला लावली होती. खते बुडाली ती बुडालीच. गाथा तेरा दिवसांनी वर आली, असे आपण मानतो. चमत्कार कोणाला पटेल, कोणाला पटणार नाही. मला त्यातला न्याय पटतो.

बिटकॉइनच्या वहीत हा न्याय बराचसा आहे. स्वतःची रक्कम कधीही खर्च न होणाऱ्या ठिकाणी टाकून कोणीही कायमची बुडवू शकतो. दुसऱ्याची बुडवू शकत नाही, आणि बुडवल्याची नोंद वहीत राहतेच. आमच्या सोसायटीच्या वहीतही माफी अशीच होती. २००८ ची केंद्राची कर्जमाफी, २०१७ ची दीड लाखापर्यंतची, २०१९ ची दोन लाखांपर्यंतची, या तिन्हींच्या याद्या मी केल्या आहेत. एकाही शेतकऱ्याची नावे बाजूची नोंद आम्ही खोडली नाही. जमा बाजूला सरकारकडून आलेली रक्कम लिहिली आणि खाली बाकी शून्य काढली. एका खातेदाराने बोट ठेवून विचारले होते, "वरचं अजून दिसतंय की, साहेब." मी त्याला खालचा शून्य दाखवला. वरची नोंद खोडली असती तर पुढे कोणीतरी नवा साहेब येऊन म्हणाला असता की माफी झाल्याचा पुरावा कुठे आहे?

या विचाराला एक मोठा अपवाद आहे आणि तो मी टाळणार नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यात सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरातली कर्जखते बाहेर काढून जाळली आणि ते लोण पुढे नगर जिल्ह्यापर्यंत गेले. आमचा मुलूख तेव्हा निजामाकडे होता, पण सावकाराची वही दोन्हीकडे सारखीच होती. ती खते शेतकऱ्यांची नव्हती. तुकोबांच्या मापाने त्यांना ती जाळायचा अधिकार नव्हता. तरी मी त्यांना दोष देऊ शकत नाही. ज्या कागदावर काय लिहिले आहे ते वाचता न येता अंगठा द्यावा लागला तो कागद दोघांचा कसा म्हणायचा? चार वर्षांनी, १८७९ मध्ये, दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. खत गावच्या नोंदणी अधिकाऱ्यासमोर करायचे ठरले, आणि खतामागे खरा व्यवहार काय होता हे बघायचा अधिकार न्यायालयाला मिळाला. तिसरा साक्षीदार आला. तो आधी असता तर त्या दिवशी सुप्यात जाळ झाला नसता.

खतामागे खरा व्यवहार काय होता, हे मात्र माझा नोड सांगू शकत नाही. गेनबिटकॉइन नावाच्या योजनेच्या प्रकरणात दरमहा दहा टक्के, अठरा महिने, अशा वचनावर महाराष्ट्रातल्या कितीतरी लोकांनी बिटकॉइन दिले. पुणे पोलिसांनी २०१८ मध्ये मुख्य आरोपीला अटक केली. पुढे २०२२ मध्ये तर तपासाला मदत करायला घेतलेल्या तज्ज्ञांनाच, जप्तीतले बिटकॉइन वळवल्याच्या आरोपाखाली, अटक झाली. यातली प्रत्येक देवघेव जगभरच्या नोडांनी तपासली असेल आणि बरोबर म्हणून घेतली असेल. सही खरी होती, रक्कम खरी होती. देणाऱ्याला काय सांगून द्यायला लावले, याचा रकाना त्या वहीत नाही. लिहिलेले खरे आहे का एवढेच साक्षीदार मशीन पाहते. माणसाला फसवले का, हे माणसालाच विचारावे लागते. ही उणीव पुढे कुठले सॉफ्टवेअर भरून काढील असे मला वाटत नाही.

म्हणून नोड त्याच्या खोलीत चालतो आणि मी पुढच्या खोलीत बसतो. बुडालेल्या संस्थांचे ठेवीदार पावत्या घेऊन येतात. १९९९ च्या ठेवीदार संरक्षण कायद्याखाली दावे करायचे असतात आणि अनेकांकडे कागद अर्धे असतात. मी प्रत्येकाची यादी करतो: पावतीचा क्रमांक, तारीख, रक्कम, मुदत, मिळालेले व्याज. आणि शेवटी एक रकाना माझ्या मनाने जोडलेला: ठेव घेताना काय सांगितले होते. तो मी त्यांच्याच शब्दांत लिहितो. दोन प्रती करतो, एक त्यांच्या हातात देतो, एक माझ्याकडे ठेवतो. काही जण म्हणतात, "जाऊ द्या नाना, सोडून दिलं." मी म्हणतो, सोडायचे तर जरूर सोडा, तो तुमचा हक्क आहे, पण आधी किती सोडता ते लिहू.

तळवाडा भागातल्या, ऊसतोडीत उमर गेलेल्या एक मावशी आल्या होत्या. त्यांनाही मी तसेच विचारले, मावशी, सोडायचे का लढायचे? त्या म्हणाल्या, "बुडवायच्या आधी मला इचारलं व्हतं का कुणी?" मी शेवटच्या रकान्यात त्यांचे हेच वाक्य घातले, रक्कम व्याजासकट पूर्ण लिहिली आणि दोन्ही प्रती त्यांना वाचून दाखवून मगच अंगठा घेतला.